फुकटचा उजेड

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी किंवा मावळात पवना धरणाच्या काठावर शनिवारची रात्र तंबूत काढावयास जाणाऱ्या मंडळींच्या सामानात अलीकडे एक नवी वस्तू आढळू लागली आहे. सतरंजी, पांघरूण, चहासाखरेच्या पुड्या आणि गिटार यांच्याबरोबर पिशवीच्या एखाद्या कप्प्यात गुंडाळून ठेवलेली एक बारीक तार असते. तारेवर वीतभर अंतराने तांदळाच्या दाण्याएवढे दिवे आणि एका टोकाला तळहाताएवढी काळीनिळी काच. दिवसा ती काच उन्हात ठेवायची, संध्याकाळी तार दोन झाडांमध्ये ताणायची किंवा तंबूच्या दोरीवर सोडायची. दिवस मावळला की माळ आपोआप उजळते. आगपेटी नको, तेल नको, विजेची जोडणी नको, महिन्याअखेरचे बिल नको. नाताळात आपल्या पडवीवर लागणारी रोषणाई जणू डोंगराने उसनी नेली आहे, असे ते दृश्य दिसते. आणि ते सुंदर दिसते, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

एवढ्याशा वस्तूवर नीतिविचार कशाला खर्ची घालायचा, असे काही वाचकांस वाटेल. परंतु नीतीचे कठीण प्रश्न मोठ्या वस्तूंतच दडलेले असतात, असे नाही. अणुबाँब वाईट, हे ठरवण्यासाठी फारशी बुद्धी लागत नाही. जी वस्तू स्वस्त आहे, सुबक आहे, धूर करीत नाही, आवाज करीत नाही आणि लहानथोरांना आवडते, तिच्याविषयी ‘हे योग्य आहे काय?’ असे विचारताना मात्र विचाराचा खरा कस लागतो.

त्या माळेत माणसाची केवढी विद्या सामावली आहे, तेही पाहण्याजोगे आहे. प्रकाश पडला असता वीज उत्पन्न होऊ शकते, हे एदमों बेक्वेरेल या फ्रेंच तरुणाच्या ध्यानात आले ते १८३९ साली. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. सिलिकॉनची उपयोगात येईल अशी पहिली सौर घटिका अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जगापुढे ठेवली ती १९५४ मध्ये, म्हणजे मधे एकशे पंधरा वर्षांचा काळ गेला. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, ‘व्हॅनगार्ड १’ हा उपग्रह तशाच घटिका अंगावर लेवून अंतराळात गेला. आजचा पांढरा बारका दिवा ज्याच्यामुळे शक्य झाला त्या निळ्या प्रकाशदायी डायोडसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तर लिथियमच्या बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे. इतक्या थोरांची तपश्चर्या आज आपण बाजारातून चार पैसे टाकून आणतो आणि झाडाला टांगतो.

हीच विद्या दुसऱ्या एका रूपात खेड्यांत पोहोचली, तेव्हा तिने काय केले हेही विसरता कामा नये. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये हाती घेतलेल्या उपक्रमातून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा येथील शाळकरी मुलांच्या हाती दहा लाख सौर दिवे गेले. ज्या घरात रॉकेलची चिमणी भकभकत होती, जिच्या काजळीने नाकपुड्या काळ्या होत होत्या, त्या घरात पुस्तकावर स्वच्छ उजेड पडला. अंधाराचे कौतुक करणारी माणसे बहुधा बटण दाबताच दिवा लागतो अशा घरांत राहतात. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त अंधारच आला, त्याला अंधाराचे माहात्म्य सांगण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. तेव्हा सूर्याच्या दिव्याविरुद्ध मी काही लिहीत आहे, असा समज कृपया करून घेऊ नये.

प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला एका तरुणाने फार नेमक्या शब्दांत विचारला. धर्मग्रामातील युवक-युवतींच्या दोन दिवसांच्या सहलीची तयारी चालू होती. माळा किती घ्यायच्या यावर चर्चा रंगली होती. “इतक्या कशाला रे?” असे मी सहज म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “फादर, ऊन देवाचं, फुकटचं. बॅटरी आमची. झाड काही कुणाच्या मालकीचं नाही. मग आम्ही उजेड केला तर कुणाचं काय जातं?”

मुलगा वाणिज्य शाखेचा. जमाखर्च त्याने बरोबर मांडला होता. नावे काही नाही, जमा सगळे. कुणाचे काही जात नसेल तर आक्षेपाला जागा उरत नाही, हे तर्कशास्त्र आपण सारेच मानतो. म्हणून त्याचे उत्तर देताना ‘जुन्या काळी असे नव्हते’ असला सूर लावून भागणार नाही. कुणाचे काही जाते की नाही, हेच पाहिले पाहिजे.

ज्या भंडारदऱ्याच्या काठी ही माळ लागते, तेथेच मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे एक-दोन शिडकावे होऊन गेल्यावर आणि मृगाने जोर धरण्यापूर्वी, काजव्यांचा हंगाम येतो. अकोले तालुक्यातील पुरुषवाडी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर, तिकडे लोणावळ्याजवळची राजमाची ही त्यांची ठिकाणे आता सर्वांस ठाऊक झाली आहेत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी काजवे बसतात आणि एखादे झाड एका लयीत उघडझाप करू लागते. शहरातील मुलांना काजवे ठाऊक असतात ते बहुधा वाक्प्रचारातून. गुरुजींची थप्पड बसली की डोळ्यांपुढे चमकतात ते. खरे काजवे पाहण्यासाठी आता गाडी करून दीडशे-दोनशे किलोमीटर जावे लागते.

काजव्याचे ते चमकणे म्हणजे रोषणाई नव्हे. तो निरोप आहे. बहुतेक जातींत नर उडता उडता ठरावीक लयीने प्रकाश फेकतो आणि मादी गवतातून किंवा पानाआडून उत्तर देते. त्या उत्तराच्या खुणेने तो तिच्यापर्यंत पोहोचतो. काजव्याचे बरेचसे आयुष्य अळीच्या रूपात ओलसर मातीत, गोगलगायींवर गुजराण करीत जाते. पंख फुटून प्रौढ झाल्यावर त्याच्या हाती उरतात ते मोजके दिवस, फार तर काही आठवडे. अनेक जातींचे प्रौढ काजवे त्या काळात फारसे खातही नाहीत. एवढ्या अवधीत निरोप पोहोचला नाही, तर त्या जोडीपुरता वंश तेथेच थांबतो. आता त्या दोघांच्या मधे रात्रभर न विझणारे शंभर पांढरे दिवे टांगा. नराचा प्रकाश मादीस दिसेनासा होतो, मादीचा नरास. त्यांना कुणी मारत नाही, चिरडत नाही, पकडून बाटलीत भरत नाही. फक्त त्यांचे बोलणे ऐकू येईनासे होते, एवढेच.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. काजव्याच्या पोटात ज्या द्रव्यापासून प्रकाश होतो, त्याला रफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ल्युसिफेरिन’ असे नाव दिले. नाव ऐकून आपल्या काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण लॅटिनमध्ये ‘ल्युसिफर’ म्हणजे केवळ प्रकाश वाहून आणणारा, पहाटेचा तारा. पास्काच्या जागरणात मेणबत्तीची जी स्तुती गायिली जाते, तिच्या लॅटिन पाठात हाच शब्द येतो. आणि त्या विधीच्या आरंभी आपण काय करतो? चर्चमधला एकूण एक दिवा मालवतो. मागे कोठे एखादी ट्यूब चुकून चालू राहिली तर दाराशी पेटलेला नवा अग्नी फिका वाटतो, याचा अनुभव प्रत्येक धर्मग्रामाला आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर हेच दुसऱ्या प्रकाराने घडते. मंडणगड तालुक्यातील वेळास, दापोलीजवळचे आंजर्ले आणि आणखी काही किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी प्रसिद्ध आहेत. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू रात्री वाळूवरून निघते ते जिकडे क्षितिज उजळ आहे तिकडे; लक्षावधी वर्षे ती दिशा समुद्राचीच होती. किनाऱ्यावर सुरूच्या बनात तंबू ठोकून माळा लावल्या तर पिल्लू तिकडे चालू लागते. समुद्र पाठीमागे राहतो. दिवसाउजेडी कावळे आणि घारी पुढले काम करतात.

तेव्हा, “कुणाचं काय जातं?” याचे पहिले उत्तर असे की, ज्यांना तुझ्याशी वाद घालता येत नाही त्यांचे जाते. ऊन फुकटचे आहे, हे खरे. अंधार फुकटचा नाही. तो कोणाच्या तरी उपयोगात आहे. डायोजिनीस आणि सिकंदर यांची कथा आपण शाळेत वाचली आहे. जग जिंकणारा राजा त्या फकिराला म्हणाला, हवे ते माग. फकिराने एवढेच मागितले की, जरा बाजूला हो, माझ्यावर येणारे ऊन अडवू नकोस. जे देणे राजाच्या हाती नव्हते ते त्याने निदान हिरावून घेऊ नये, इतकीच त्याची अपेक्षा होती. काजव्याला वाचा असती तर त्याने त्याच नम्रतेने आपल्याला अंधारातून बाजूला व्हावयास सांगितले असते.

पण मला असे वाटते की, माळ लावणाऱ्याचे स्वतःचेही काही जाते, आणि त्याच्या ते ध्यानातही येत नाही. माणसाचा डोळा अंधाराला पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ धीर धरला की झाडांचे शेंडे दिसू लागतात, पाण्याची कड दिसते, पायवाट दिसते, चांदणे नसतानाही केवळ ताऱ्यांच्या उजेडात शेजारच्या माणसाचा चेहरा ओळखू येतो. डोळ्यांवर एकदा पांढरा प्रखर प्रकाश पडला की ही सारी सिद्धी क्षणात नाहीशी होते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. माळेखाली बसलेल्याचा डोळा सरावतच नाही. त्याला उजेडाचे एक छोटे रिंगण दिसते, आणि रिंगणापलीकडे जंगल म्हणजे एक काळी भिंत. त्या भिंतीची भीती वाटते. भीती वाटली की आणखी एक माळ लागते. अशा रीतीने माणूस शंभर मैल प्रवास करून आपल्या दिवाणखान्यातच येऊन बसतो.

आकाशाचे तर बोलायलाच नको. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जगाच्या प्रकाशनकाशानुसार एक तृतीयांशाहून अधिक मानवजातीला आपल्या घराच्या अंगणातून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, मुख्यतः युरोप-अमेरिकेतील पन्नास हजारांहून अधिक सामान्य लोकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या निरीक्षणांवरून असे आढळले की, रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. जेथे आज अडीचशे तारे दिसतात तेथे जन्मलेल्या बाळाला अठराव्या वर्षी शंभरच दिसतील, असे त्या अभ्यासकांनी हिशेब करून सांगितले आहे.

खुद्द व्हॅटिकनच्या वेधशाळेला या उजेडापुढे दोनदा बिऱ्हाड हलवावे लागले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये रोममध्ये तिची पुनःस्थापना केली. शहराचे दिवे वाढले, तारे फिके झाले, तेव्हा पोप अकरावे पायस यांच्या काळात, १९३० नंतरच्या दशकात, ती कास्तेल गांदोल्फोच्या टेकडीवर नेण्यात आली. रोम तिथपर्यंतही पोहोचले. मग १९८१ मध्ये वेधशाळेच्या येशूसंघीय शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन येथे दुसरे केंद्र उघडले, आणि १९९३ मध्ये तेथील माउंट ग्रॅहमवर त्यांची दुर्बीण उभी राहिली. हा पर्वत अपाची आदिवासींना पवित्र वाटतो आणि तेथे वेधशाळा उभारण्यास त्यांच्यापैकी अनेकांनी विरोध केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. एका ठिकाणच्या अतिरिक्त उजेडापासून पळून जाताना दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जावे लागते.

एका माळेने आकाश उजळत नाही, हे मी जाणतो. रोम एका कंदिलाने उजळले नाही आणि पवनेचा काठही एका तंबूने उजळलेला नाही. परंतु येथे एक मर्म आहे, आणि मूळ प्रश्नाची गाठ माझ्या मते तेथेच बसली आहे. आजवर उजेडाला आवर घालीत होती ती त्याची किंमत. आमच्या आजीच्या काळात रात्रीची जेवणे झाली की कंदिलाची वात बारीक केली जाई, ती काही काजव्यांच्या कळवळ्याने नव्हे. रॉकेल संपत असे म्हणून. गॅसबत्ती लग्नकार्यापुरतीच बाहेर निघे. काटकसर हा सद्‌गुण आपण जितका समजतो तितका काही आपल्या अंतःकरणातून उगवला नव्हता. परिस्थितीने तो आपल्याकडून करवून घेतला होता. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशासंबंधी लिहिताना दाखवून दिले की, इंधन कमी लागणारी यंत्रे आली म्हणून इंधन कमी जळत नाही. उलट काम स्वस्त झाल्याने अधिक जळते. दिव्यांचे तसेच झाले. दिवा स्वस्त झाला तसे आपण पैसे वाचवले नाहीत, दिवे वाढवले. आणि आता तर सूर्याच्या माळेने उरलासुरला खर्चही पुसून टाकला. किमतीने जो बंध घातला होता तो सुटला. यापुढे आवर घालायचा असेल तर तो फक्त माणसाच्या इच्छेने घालता येईल, आणि त्या कामाची आपल्या इच्छेला सवय नाही.

त्यातही या माळेची एक खोड आहे. पुष्कळशा माळांत ती काळीनिळी काच स्वतःच पहारेकऱ्याचे काम करते. काचेकडून येणारी वीज सूर्यास्तानंतर थांबली की आतील मंडल बॅटरी दिव्यांना जोडून देते. म्हणजे अंधार पडणे हीच तिला आज्ञा. दिवसभर चांगले ऊन मिळाले असेल तर सहा-आठ तास ती जळत राहते. गाणी संपतात, शेकोटी विझते, मंडळी तंबूत शिरून घोरू लागतात. माळ आपली चालूच. कुणासाठी? कुणासाठीच नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आम्हांस एक भेद शिकवला जाई. माणसाकडून घडणारी प्रत्येक क्रिया ही ‘मानवी कृती’ नव्हे. श्वास चालतो, पापणी लवते, झोपेत कूस बदलली जाते. या क्रिया माणसाच्या खऱ्या, पण त्यांच्यामागे जाणीव नाही, निवड नाही, म्हणून त्यांचा पापपुण्याशी संबंध नाही. जिच्यामागे ज्ञान आणि इच्छा उभी आहे तीच मानवी कृती. जुना दिवा या कसोटीला उतरत असे. कुणी तरी तो लावी, कुणी तरी तो मालवी. ‘निजताना दिवा घालव गं’ या वाक्यात एक निर्णय होता आणि तो घेणारे माणूस होते. आपोआप लागणाऱ्या माळेने ही कृती माणसाच्या हातून काढून घेतली आणि श्वासोच्छ्वासाच्या रांगेत नेऊन बसवली. दोष कोणाचा, असे विचारले तर कोणाचाच नाही. कोणी दिवा लावलाच नाही, तो लागला. आपल्या काळातील बरीचशी हानी अशीच होते, असे मला दिसते. तिच्यामागे दुष्टपणा शोधावा तर सापडत नाही; कोणी काही ठरवलेच नव्हते, एवढेच सापडते.

माळ टांगण्याची ती पहिली कृती मात्र मानवी होती, आणि आपला तो युवकही हे नाकारणार नाही.

मग आनंदाला जागाच ठेवायची नाही काय? काजव्यांसाठी आमच्या तरुणांनी काळोखात मुकाट बसायचे काय? असा कोरडा उपदेश करण्याची माझी इच्छा नाही आणि परंपराही मला तशी परवानगी देत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि करमणूक यांविषयी स्वतंत्र विवेचन केले आहे. श्रमलेल्या शरीराला जशी विश्रांती, तशी श्रमलेल्या मनाला करमणूक आवश्यक, असे ते म्हणतात. आणि संत योहानाची जुनी कथाही सांगतात. तो शिष्यांसमवेत खेळताना पाहून काही लोक नाराज झाले, तेव्हा त्याने एका धनुर्धराला बाणामागून बाण सोडायला लावले आणि विचारले, असे अखंड करता येईल का? धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच, असे योहानाने सांगितले. करमणूक योग्य रीतीने करता येणे हा थॉमस यांच्या मते एक सद्‌गुण आहे. केवळ सवलत नव्हे, सद्‌गुण! त्यासाठी ते काही पथ्ये घालतात: आनंद दुसऱ्याला अपाय करणाऱ्या गोष्टीत शोधू नये, मनाचा तोल साफ जाऊ देऊ नये, आणि व्यक्ती, काळ व स्थळ यांचे भान ठेवावे. तेराव्या शतकातील या संन्याशाने सौर माळ पाहिली नव्हती. पण काळ आणि स्थळ या दोन शब्दांत पुरुषवाडीचा जून महिना आणि वेळासची वाळू दोन्ही बसतात. पडवीवर, गव्हाणीवर, लग्नमंडपावर जी माळ शोभते तीच काजव्यांच्या झाडावर, त्यांच्या हंगामात, अपाय करते.

येथे गावकऱ्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. पवनेकाठी किंवा भंडारदऱ्याला तंबू भाड्याने देणारा माणूस पुष्कळदा तिथलाच असतो. भातशेतीवर वर्ष निघत नाही. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर त्याच्या मुलांची फी भरली जाते. तो म्हणतो, “माळ नसली तर गिऱ्हाईक पुढच्या तंबूकडं वळतं.” हे त्याचे म्हणणे खोटे नाही. शेजारच्याने चार माळा लावल्या की याला सहा लावाव्या लागतात. एकट्याने संयम पाळला तर एकट्याचेच नुकसान. काजव्यांचा फायदा काही नाही. अशा ठिकाणी व्यक्तीच्या सद्‌गुणावर सारा भार टाकणे हा अन्यायच होय. संपूर्ण गावाने मिळून काही ठरवले तरच ते टिकते. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्रप्रकल्पाने हे करून दाखवले आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि त्यासाठी परिसरातील गावांचे दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे वळवण्यात आली. गावे अंधारात बुडाली नाहीत. रस्त्यावर उजेड आहे, वर आकाशही आहे. त्याआधी, २०२२ मध्ये, लडाखमधील हानले येथे असेच राखीव क्षेत्र घोषित झाले होते. तेथे लोक तारे पाहण्यासाठी मुद्दाम जातात आणि गावकऱ्यांच्या घरी मुक्काम करतात. अंधारालाही गिऱ्हाईक मिळते, हे आमच्या मावळच्या तंबूवाल्याला कोणी तरी सांगितले पाहिजे. आणि त्याच्याकडे जाणाऱ्यांनी माळा मोजून तंबू निवडण्याचे सोडले पाहिजे.

विंचूकाट्याचे भय, रात्री उठावे लागणाऱ्या मुली, म्हातारी माणसे हे सारे खरे आहे. त्यासाठी पायाशी उजेड पाडणारी बॅटरी पुरते. झाडाच्या शेंड्याला दिवा लावल्याने फुरसे दिसत नाही.

आणि फुकटचा उजेड म्हणताना, ती माळ कायमची नसते याचाही विसर पडतो. आतील बॅटरी काही वर्षांत दम सोडते, तार तुटते, काच धुरकटते. मग ती फांदीला तशीच गुंडाळलेली राहते किंवा शेकोटीच्या राखेत जाते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-कचरा आणि बॅटरी-कचरा या दोहोंसाठी नवे नियम केले आहेत. ते नियम डोंगरावर कोण वाचणार? नेलेली वस्तू परत आणावी, एवढे तर आपल्या हाती आहे.

त्या तरुणाशी माझे बोलणे बराच वेळ चालले. सगळे त्याला पटले असे नाही. काजव्यांचे पटले, अक्वायनसचे ऐकून घेतले, तंबूवाल्याच्या बाबतीत तो माझ्याशी अजूनही भांडतो. शेवटी त्यांनी आपापसात जे ठरवले ते असे: माळ एकच न्यायची, पिवळसर उजेडाची, आणि ती झाडावर न लावता तंबूच्या आत, जेवणाच्या वेळेपुरती. पिवळसर का, तर पांढऱ्या दिव्यात निळ्या किरणांचा अंश अधिक असतो; तो हवेत अधिक पसरतो आणि किड्यांनाही अधिक खेचून घेतो. साडेनऊला माळ बंद. जूनमध्ये आणि कासवांच्या हंगामात किनाऱ्यावर मुळीच नाही. बंद करण्याचे काम कोणाचे, यावर थोडी ओढाताण झाली; अखेर प्रत्येक मुक्कामाला एकाचे नाव कागदावर लिहून ठेवायचे ठरले.

बंद करण्याचे बटण बहुधा त्या काळ्यानिळ्या काचेच्या पाठीमागे असते, कधी रबराच्या टोपणाखाली. इतके बारीक की, अंधारात बोटांना लवकर सापडत नाही. ते कोठे आहे, हे दिवस मावळण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते.